थांबेभाऊंचा वाटा

सोमवारी सकाळी तेलाच्या कारखान्यात बॉयलरची नळी फुटली. बॉयलरवर काम करणारा सुभाष तिथे उभा होता. वाफेने तो भाजला. त्याला अकोल्याला नेलं. तिथे तो गेला. चौकशी झाली आणि चूक सुभाषची ठरली: त्याने बॉयलरमधलं पाणी पाहिलं नाही. त्या सकाळी कारखान्याच्या नेटवर्कवर आम्ही एक टूल चालवत होतो. ते टूल थांबेभाऊंनी निवडलं होतं.

हे आधी सांगून टाकलं, कारण थांबेभाऊंनाही कुठलीही हकीकत अशीच ऐकायला आवडे. "मॅडम, काय मोडलं ते आधी सांगा. कसं मोडलं ते मंग पाहू," असं ते म्हणत.

त्यांचं आडनाव थांबे नव्हतं. ऑफिसात कोणी एन्टरचं बटण दाबायला बोट उचललं, की मान वर न करता ते म्हणत, "थांब." थोडा वेळ जाऊ देत आणि मग विचारत, "आता सांग, काय करून राह्यला?" सांगता आलं तर काम पुढे जाई. सांगताना जीभ अडखळली तर ते टूल त्या दिवसापुरतं बंद. गौरव म्हणजे आमचा तिसरा जोडीदार. हे नाव त्यानेच पाडलं, आणि ते इतकं चिकटलं की मंगरूळपीरच्या एका जिनिंगवाल्याने सत्काराच्या वेळी माइकवरून "श्री. थांबे साहेब" असंच पुकारलं. भाऊ निमूट उठले, शाल-नारळ घेऊन खाली आले. गौरव म्हणाला, "भाऊ, दुरुस्त तरी कराचं ना." "काहून? नारळ तर बरोबर माणसाले भेटला," ते म्हणाले.

आमचं ऑफिस वाशिमला, एका कृषी सेवा केंद्राच्या माडीवर होतं. खतांचा आणि फवारणीच्या औषधांचा वास जिन्यातून वर येई. पावसाळ्यात तर तो कपड्यांत राही. भाऊ पुण्याच्या एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आले होते, टाळेबंदीत घरून काम करता करता त्यांना गावाकडेच राहावंसं वाटलं. मी कारंज्याच्या बाजूची. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. एका वर्षी तासिका मिळाल्या नाहीत. भाऊंना अहवाल लिहायला माणूस हवं होतं. मुलाखतीत त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुमाले एखादी गोष्ट समजली नाई, तर तुमी काय करता?" मी म्हटलं, पुन्हा विचारते. "मंग या उद्यापासून," ते म्हणाले.

आमच्या कामाला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. कंपनी लेखी परवानगी देते, आम्ही तिच्या नेटवर्कमध्ये चोरासारखे शिरायचा प्रयत्न करतो आणि कुठली दारं उघडी सापडली ते तिला सांगतो. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं असलं काम वाशिमला बसून होतं, याचं पाहुण्यांना नवल वाटे. भाऊंच्या आईला वाटत नसे. "चोराले गाव कोणतं बी चालते," ती म्हणायची.

ही आई कामरगावला राहायची. आयुष्यभर तिने आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून काम केलं. तान्ह्या लेकराची शीर शोधायची वेळ आली की ती डब्यातली सगळ्यांत बारीक सुई उचलायची, आणि नाही जमलं तर तशीच दुसरी, मोठी नाही. "मोठ्या सुईनं शीर सापडत नाई, फुटते." हे वाक्य भाऊंनी मुंबईच्या बड्या अधिकाऱ्यांसमोरही जसंच्या तसं, वऱ्हाडीतच, ऐकवलेलं मला माहीत आहे. ते अधिकारी हसले. भाऊ हसले नव्हते.

टूल निवडण्याची त्यांची पद्धत याच वाक्यातून आली असावी. त्या टूलांची नावं इथे देत नाही. दोन-चार वर्षांत ती बदलतात. गौरवच्या लॅपटॉपवर त्यांचं अख्खं दुकान होतं. काही टूलं नुसती ऐकतात, काही दारावर टिचकी मारतात, काही कुलूप हलवून पाहतात, आणि काही दार फोडून आत जातात. गौरवला एका झटक्यात सगळं करणारं टूल आवडे.

"भाऊ, हे अर्ध्या तासात समदं नेटवर्क सांगते."

"सांगते ना. अन् मोडते काय, ते सांग."

"मोडन कायले? सगळी दुनिया वापरते."

"दुनिया लय काही वापरते, बावा. आपल्याले या कंपनीत जाचं हाय. यायच्या घरात म्हातारं कोण हाय, आजारी कोण हाय, ते पाह्य आधी."

म्हातारं म्हणजे जुनं यंत्र. त्यांच्या टेबलाच्या मागे आणखी एक टेबल होतं, त्यावर भंगारातून आणलेले प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं अंगठ्याचं मशीन, आणि कुठल्या तरी बंद पडलेल्या गिरणीचे कंट्रोलर, म्हणजे यंत्रांचे आकडे मोजणाऱ्या आणि दाखवणाऱ्या पेट्या, मांडलेले असत. नवं टूल आधी या म्हाताऱ्यांवर चाले. एखादं यंत्र त्याच्यामुळे गप्प झालं, की ते टूल कुठल्या ठिकाणी न्यायचं नाही हे ठरे. गौरव त्या टेबलाला वृद्धाश्रम म्हणे. "हो," भाऊ म्हणत, "अन् तू तथी बी बुटानिशी शिरतं."

कारंज्याच्या एका कंपनीत मात्र गौरवने वृद्धाश्रमाला न विचारता टूल चालवलं. तिथल्या प्रिंटरला ती टिचकी म्हणजे छपाईचा हुकूमच वाटला, आणि त्याने ट्रेमधला सगळा कागद संपेपर्यंत कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं छापली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर प्रिंटरला लिंबू-मिरची बांधलेली. तिथले हेडक्लार्क भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मशीनमंदी काईतरी शिरलं हो."

"शिरलं होतं," भाऊ म्हणाले. "आमचं हे पोट्टं शिरलं होतं. माफ करा."

कोणाला कधी कळलं नसतं. परतताना गौरव चिडलेला होता. भाऊ एवढंच म्हणाले, "आपलं भूत आपण सांगाचं. नाई तर ते लोक लिंबू बांधत बसतीन."

माणूस हेही त्यांच्या लेखी टूलच होतं, आणि सगळ्यांत जपून वापरायचं. कर्मचारी खोट्या मेलला फसतात का, हे पाहणं आमच्या कामात येतं. एकदा दिवाळीच्या तोंडावर एका कंपनीने सुचवलं, "बोनस जाहीर झाला, इथे क्लिक करा" असा मेल पाठवा, हमखास फसतील. गौरवने मेल तयारही केला. भाऊंनी तो वाचला आणि पुसून टाकला. "पोटाच्या गोष्टीवर फसवाचं नाई. चोर फसवन, त्याले आपण रोखू शकत नाई. पण आपण चोर नाई." त्याऐवजी गाड्या लावण्याच्या नव्या नियमाचा कंटाळवाणा मेल गेला. त्यालाही लोक फसले. कंपनीने फसलेल्यांची नावं मागितली, तेव्हा भाऊंनी फोनवर सांगितलं, "नावं नाई भेटणार. पाह्यजे तर पहिलं नाव माहं लिहा. मी बी फसलो असतो." ती कंपनी पुढच्या वर्षी आमच्याकडे आली नाही.

माझ्या अहवालावर त्यांचा हात फिरे तो विशेषणांवर. "भयंकर", "धोकादायक", "अत्यंत" असलं काही दिसलं की ते त्यावर बोट ठेवत. "हे काढा मॅडम. जथी आपल्याले नक्की माहीत नाई, तथी माणूस असे शब्द टाकते." मी साहित्याची विद्यार्थिनी, सुरुवातीला मला राग येई. पुढे पुढे वर्गात शिकवलेल्या कविता मी मनातल्या मनात त्यांच्या बोटाने वाचू लागले. बऱ्याच कविता लहान झाल्या.

टूलांमध्ये त्यांचं आवडतं होतं ते ऐकणारं. एक छोटी पेटी कंपनीच्या नेटवर्कला जोडायची आणि काही दिवस नुसतं ऐकायचं. कोण कोणाशी बोलतं, कुठलं यंत्र कुठे आहे, ते यंत्रांच्याच आपसांतल्या बोलण्यावरून कळतं. आपण कोणालाही टिचकी मारायची नाही. "लग्नघरी गेल्यावर पहिल्या दिवशी गप बसाचं," ते म्हणत. "कोण कोणाचा मामा, कोण कोणावर रुसलं, समदं आपोआप समजते." ते हेडफोन लावत नसत, ऐकायला काही आवाज नसतो, पडद्यावर ओळी सरकत असतात. तरी ते मान एका बाजूला कलती करून बसत. त्यांना असं बसलेलं पाहून मला नेहमी वाटे, की हा माणूस कोणाचं वाईट करणार नाही.

तेलाच्या कारखान्याचं काम पावसाळा संपता संपता आलं. सोयाबीनचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, कारखाना बंद होता. मालक कंपनी मोठ्या शहरातली. तिला आपल्या सगळ्या शाखांचं नेटवर्क तपासून हवं होतं. भाऊ स्वतः जाऊन कारखाना फिरून आले. वजनकाटा, गोदाम, प्रयोगशाळा, ऑफिस. बॉयलरच्या शेडला कुलूप होतं, आत दुरुस्ती चालली होती. मॅनेजर म्हणाला, "तिकडलं सगळं वेगळं हाय, साहेब. त्याचा अन् नेटवर्कचा काही संबंध नाई." भाऊंनी ऐकणारी पेटी लावली. पेटीने अनेक दिवस ऐकलं. वजनकाटा बोलला, प्रयोगशाळा बोलली, पहारेकऱ्याचा कॅमेरा रात्रंदिवस बोलत होता. बॉयलरकडून एक शब्द आला नाही. मॅनेजरचं म्हणणं खरं वाटलं.

खरं असं होतं, की गेल्या हंगामात कोणीतरी बॉयलरच्या पॅनेलपासून ऑफिसपर्यंत एक वायर ओढली होती. मालकाला शहरात बसून मोबाइलवर वाफेचा दाब पाहायचा होता. मॅनेजर नवा, त्याला ते माहीत नव्हतं. आणि कारखाना बंद असल्याने त्या पॅनेलची वीजच बंद होती. जे यंत्र झोपलेलं आहे त्याचं बोलणं ऐकू येत नाही. शांतता आणि कोणी नसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे भाऊंना कळत नव्हतं असं नाही. पण स्वतःच्या टूलवर त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासाने ते कुलूप उघडायला लावलं नाही.

सोमवारी त्यांनी टिचकी मारणारं टूल निवडलं, त्यातलंही सगळ्यांत हलकं. बारीक सुई. मला आठवतं, त्यांनी त्याचा वेगही निम्म्यावर आणला होता. गौरवने विचारलं, "चालवू, भाऊ?" भाऊ म्हणाले, "चालव." त्या सकाळी थांब कोणीच म्हणालं नाही.

त्याच सकाळी कारखान्यात हंगामाआधीची चाचणी म्हणून बॉयलर पेटवला होता. आम्हाला कोणी कळवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

बातमी दुपारी आली. मॅनेजरने फोन केला तो तपासणी पुढे ढकला हे सांगायला. बॉयलर हे कारण त्याने ओघात सांगितलं. भाऊंनी फोन ठेवला आणि ते मागच्या टेबलाकडे वळले. सकाळच्या टूलने केलेल्या यादीत बॉयलरचा कंट्रोलर आला होता, आणि त्याच जातीचा एक त्या गिरणीच्या कंट्रोलरांमध्ये होता. त्यांनी त्याला वीज दिली, त्याच्या पडद्यावर एक आकडा आणला आणि सकाळचंच टूल, त्याच वेगाने, त्याच्यावर चालवलं. कंट्रोलरचे दिवे जळत राहिले. आकडा पडद्यावर तसाच राहिला. फक्त त्याच्या मागची मोजणी बंद पडली होती. भाऊंनी त्याची मोजणीची वायर काढली, पुन्हा जोडली, आकडा हलायला हवा होता; हलला नाही. मग ते म्हणाले, "मॅडम, याले मी तपासलंच नव्हतं. याच्यावर हे टूल मी कधी चालवलंच नव्हतं." ते टूल इतकं हलकं होतं, की त्याला म्हाताऱ्यांवर चालवून पाहायची गरज आहे असं आम्हा कोणालाच कधी वाटलं नव्हतं.

चौकशीवाल्यांनी पाहिलं त्यात पुष्कळ काही निघालं. पाणी कमी झाल्यावर वाजणारा भोंगा सारखा वाजतो म्हणून काढून ठेवला होता. पाणी दाखवणारी काचेची नळी क्षारांनी पांढरी झाली होती, म्हणून सगळे पडद्यावरचाच आकडा पाहत. पण पंप बंद पडून पाणी उतरत गेलं आणि बॉयलरवरच्या माणसाला ते दिसलं नाही, याचं त्यांनी काढलेलं सोपं कारण म्हणजे त्याने पाहिलं नाही. तो माणूस उत्तर द्यायला नव्हता. कंपनीकडून एका अधिकाऱ्याचा भाऊंना फोन आला. अतिशय गोड बोलत होता. तुमच्या कामाचा याच्याशी संबंध नाही, आमच्या तंत्रज्ञांनी पाहिलंय, अहवालात त्या सकाळचा उल्लेख कशाला, तुम्हालाच त्रास होईल. भाऊ सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "त्रास झालाच पाह्यजे थोडा."

गौरव त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडला. "भाऊ, भोंगा त्याईनं काढला! काच त्याईनं धुतली नाई! वायर त्याईच्या मालकानं ओढली! आपला वाटा असन तर किती? अन् पोट्टे पाळाचे हायेत ना आपल्याले!"

"किती ते मले नाई माहीत. हाय एवढं माहीत हाय. बाकीच्याइचा वाटा त्याईनं सांगावा. माहा मी सांगतो."

"अन् माहा? बटण म्याच दाबलं."

"टूल मी देल्लं. तुहा काहीच नाई याच्यात. आठवजो हे."

मग ते केनवडला निघाले. सुभाषचं घर तिथे होतं. मला म्हणाले, "मॅडम, सोबत या. घरात बाया असतीन. मले नीट सांगता आलं नाई तर तुमी सांगा." वाटेत एसटीत मी मनात वाक्यं जुळवत होते. नेटवर्क, कंट्रोलर, स्कॅन या शब्दांचं मराठी कसं करावं, याचाच विचार करत होते, कारण दुसऱ्या कशाचा करवत नव्हता.

सुभाषची आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं.

"कंपनीचे व्हय काय तुमी?"

"नाई, आई."

"सरकारचे?"

"नाई."

"मंग बसा. त्या दोघाइले मी बसा म्हणत नाई."

आम्ही बसलो. भाऊंनी सांगायला सुरुवात केली आणि माझी सगळी वाक्यं वाया गेली. ते म्हणाले, "आई, त्या दिवशी मी वाशिमात बसून कारखान्यातल्या समद्या मशीनीइले हाक मारत होतो. कोण कोण हाय ते पाह्याले. कंपनीनंच सांगतलं होतं. बॉयलरपाशी एक जुनी मशीन होती. तिले ती हाक सोसली नाई. ती थिजली."

"हाकेनं?"

"हाकेनं. तिच्यावर पाण्याचा आकडा दिसते. तो तसाच राह्यला. आत पाणी उतरत होतं, अन् आकडा भरलेलाच दाखवत होता. सुभाषनं तो पाह्यला होता. त्याले पाणी बरोबरच दिसलं. तो चुकला नाई."

दारात सुभाषची बायको उभी होती, वंदना तिचं नाव. "म्हंजे त्यायनं पाह्यलं होतं," ती म्हणाली.

"पाह्यलं होतं."

"ते कंपनीवाले म्हणे, मोबाइल पाहून राह्यला होता तो." ती एकेक शब्द थांबून बोलत होती. "त्यायचा मोबाइल तं घरीच राहे. पोरीले गाणे पाह्याले ठिवून जात."

म्हातारीने हातातली शेंग सोलून संपवली. मग भाऊंकडे पाहून म्हणाली, "मंग तू मारलं त्याले."

"माहा वाटा हाय, आई."

"वाटा वावराचा राह्यते. मरणाचा कसा वाटा?"

वंदना आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिने माझ्यासमोर ठेवला. भाऊंसमोर ठेवला नाही. त्यांनीही मागितलं नाही. ऊन होतं, त्यांच्या ओठांना कोरड पडलेली मला दिसत होती. मी पाणी प्यायले नाही. दोघांच्या मध्ये तो तांब्या तसाच राहिला.

आम्ही उठलो तेव्हा वंदना म्हणाली, "हे तुमी तथी सांगसान काय? साहेबाइपाशी? आमी सांगतलं तं कोनी आयकत नाई."

"सांगतो."

"लिहून घेतीन ते?"

"घेतल्याबिगर उठत नाई मी तथून."

ते खरोखरच उठले नाहीत. चौकशीच्या कचेरीत त्यांना एकदा सांगितलं प्रकरण बंद झालं, एकदा सांगितलं साहेब दौऱ्यावर आहेत. भाऊ पुन्हा जात राहिले. शेवटी एका अधिकाऱ्याने त्यांना आत घेतलं. भाऊंनी पिशवीतून तो भंगारातला कंट्रोलर काढून त्याच्या टेबलावर ठेवला, वीज दिली, आकडा दाखवला आणि त्याला हाक मारली. आकडा थिजला. अधिकारी म्हणाला, "पुन्हा करा." पुन्हा केलं. तेव्हा अधिकारी खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "तुम्हाला कळतंय ना, हे तुम्ही स्वतःविरुद्ध सांगताय?" भाऊ म्हणाले, "मी सुभाषच्या बाजूनं सांगून राह्यलो. मधात मी येतो, त्याले काय करता?" त्यांचा जबाब नोंदवला गेला. निकाल मात्र लगेच बदलला नाही. पुढे पाहू, असं सांगण्यात आलं.

या क्षेत्रात बातमी लवकर पोचते. ज्यांनी यंत्र बंद पाडलं आणि वर ते सांगितलंही, अशा माणसांना कोणी घरात बोलावत नाही. एकेक काम गेलं. कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. भाऊ रोज ऑफिसात येत, मागच्या टेबलावरची यंत्रं पुसत, पण काही चालवत नसत. कधी एखादं लहान काम आलं आणि गौरवने विचारलं, "भाऊ, कोणतं टूल घेऊ?" तर ते म्हणत, "तू पाह्य, बावा." हे ऐकण्यापेक्षा त्यांचं ओरडणं बरं होतं, असं गौरव मला जिन्यात म्हणाला होता. मी एकदा धीर करून विचारलं, की तुम्ही कशाची वाट पाहताय. ते म्हणाले, "त्या बाईनं इचारलं होतं, लिहून घेतीन काय. त्याईनं घेतलं. पण आधी जे लिहिलं ते खोडलं नाई अजून."

हरभरा काढणीच्या दिवसांत ते आईला भेटायला कामरगावला गेले होते. सकाळी स्टँडवर जीपची वाट पाहत असताना खाली कोसळले. अमरावतीला पोचेपर्यंत संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांच्या आईने सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या शिरा शोधण्यात घालवलेलं. दवाखान्यात लेकाच्या हातावरची सुईची पट्टी तिने स्वतः सोडवली.

जलदान विधीला कामरगावात मांडव घातला होता. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मागच्या रांगेत सुभाषची आई आणि वंदना बसलेल्या मला दिसल्या. केनवडहून, एसटी बदलून, जीप करून त्या आल्या होत्या; कोणी कळवलं ते मला माहीत नाही. लोक पांगल्यावर म्हातारी भाऊंच्या आईसमोर येऊन बसली. दोघी एका वयाच्या. मग सुभाषची आई म्हणाली, "तुह्या लेकानं माह्या लेकाचं नाव धुतलं, बाई. पोरगं बी त्याच्याच हातानं गेलं. आता मी त्याले काय म्हणू, तूच सांग."

भाऊंच्या आईने तिचा हात धरला. वंदनाने दोघींना पाणी आणून दिलं.

चौकशीचा सुधारलेला निकाल पावसाळ्यात लागला. गौरव आता पुण्याला असतो. मी पुन्हा महाविद्यालयात शिकवते, याही वर्षी तासिका तत्त्वावरच. निकालाची प्रत मी केनवडला नेऊन दिली आणि वंदनाला वाचून दाखवली. दोषींच्या नावांत आता सुभाषचं नाव नाही. थांबेभाऊंचं आहे, त्यांच्या खऱ्या आडनावासकट. ते तसंच राहील.